भोंग्याचं चूलबंद आवतन

माझ्या भोंग्याला नवा पार्ट बसला, म्हणून मला सारं गाव जेवू घालावं लागलं.

सुरवातीपासून सांगतो. मी नागोराव. शाळा दुसरीपर्यंत. (माईकवर बोलायला शाळा न्हाई, छाती लागते!) औंढ्याच्या अंगानं ज्या गावात लग्न असंल, जयंती असंल, तिथं आधी माझाच भोंगा टांगायचे. आता हिंगोलीहून डीजेची गाडी येते. काळीज धडधडते, पत्रे थरथरतात, आन् कोण काय बोललं ते कोणालाच कळत न्हाई. तरी लोकाला तेच पाह्यजे! माझा भोंगा दारातल्या लिंबावर टांगून राहिला. बायको वारली, पोरगी सविता पुण्याला नांदते. दिवसभर दारात कुत्रंबी फिरकत न्हाई. सांजच्याला तेवढा सखाराम येऊन ओट्यावर बसतो. मी बोलायचं, त्यानं तंबाखू मळायची.

मी ठरवलं, भोंगा खणखणीत करायचा. आवाज साफ झाला की गाव पुन्हा माझ्या दारात येईल. आधी हिंगोलीहून तांब्याची जाड वायर आणली. लावून दाखवली.

"सखाराम, पडला का न्हाई फरक?"

"तसाच हाय."

मग भारी मॅग्नेटचं युनिट बसवलं. "आता?"

"तसाच."

शेवटी आतला डायफ्रॅम बदलला. (डायफ्रॅम म्हणजे आवाज ज्याच्यावर थरथरतो तो पातळ पडदा. भोंग्याचं काळीजच म्हणा!) माझ्या डोळ्यात पाणी आलं इतका साफ आवाज! आन् सखाराम म्हणे, "नागोराव, काहून जीव आटवून राहिला? देऊन टाक भंगारात."

शेजारची कावेरी भिंतीवरून बोलली, "काका, तुमच्या चपलीला सुतळी बांधलेली, आन् भोंग्याला नवे पार्ट!" सविता फोनवर म्हणे, "बाबा, राहू द्या ते. मी छोटा स्पीकर पाठवते, खिशात मावतो." खिशात मावतो तो स्पीकर, का चुन्याची डबी?

मी इरेला पेटलो. "सखाराम, तू आपल्या घरी जाऊन बस, गावाच्या त्या टोकाला. मी इथून बोलतो. शब्द न् शब्द ऐकू आला तर भोंगा लिंबावर राहील. न्हाई आला तर उद्याच भंगारात!"

"व्हय," म्हणून तो उठून गेला.

माईक हातात घेतला, फुंकर मारली, आन् बोलायचं काय? सारी उमर मी माईकवर सगळ्यात जास्त एकच गोष्ट बोललो, ती म्हणजे लग्नाघरचं चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी कोणी घरी चूल पेटवायची न्हाई, लेकराबाळांसकट सगळ्यांनी तिकडंच जेवायचं. तेच तोंडात आलं. "समस्त गावकरी मंडळींना कळवण्यात येते की, उद्या दुपारी..." इथं नाव लागते. दुसऱ्याचं घेतलं तर तो काठी घेऊन येईल. (एवढी अक्कल मला हाय!) म्हणून आपलंच ठोकलं, "...नागोराव यांच्या घरी चूलबंद आवतन आहे होऽऽ!"

पुढं 'ही टेस्टिंग हाय' असं म्हणणार, तर लाईट गेली.

सकाळी कावेरी दारात. "काका, कार्यक्रम कशाचा हाय?"

"कसला कार्यक्रम?"

"आवतन दिलं ना तुमी! आमच्या गल्लीत कोणीच चूल पेटवली न्हाई."

"अगं बाई, ते टेस्टिंग होतं!"

"म्हंजे खोटं?"

हा शब्द मला इंगळीवानी डसला. माझ्या भोंग्यातून खोटं आवतन कधी निघालं न्हाई! "खोटं काहून? हाय कार्यक्रम!"

"कशाचा?"

"डायफ्रॅमचा!"

तिला वाटलं, एखादा सण असंल. पण गाव काही थांबते का? तासाभरात सविताचा फोन. "बाबा! तुमी दुसरं लगीन करून राहिले, आन् मला पत्ता न्हाई?"

"लगीन न्हाई गं! भोंग्याचा पार्ट बदलला."

"त्याचं जेवण?"

"व्हय!"

सविता हळूच म्हणे, "बाबा, तुमी रोज जेवता ना बराबर?"

"जेवतो की!" मी म्हणलं आन् फोन ठेवून दिला.

कावेरी माझ्या चुलीपाशी गेली, आन् डोक्याला हात लावून बाहेर आली. एक भगुनं, एक ताटली, डब्यात मूठभर डाळ! तिनं दारात उभं राहून एकच हाक मारली. (तिच्या गळ्यात कोणता डायफ्रॅम हाय, देव जाणे!) कोणी तुरीची डाळ आणली, कोणी तांदूळ, कोणी वांगे. लिंबाखाली पंगत बसली. बायको गेल्यापासून माझ्या दारात इतक्या चपला मी पाहिल्या नव्हत्या. पळी घेऊन मी नवरदेवाच्या बापावानी वाढत सुटलो. "घ्या, घ्या! लाजू नका! डायफ्रॅमचं हाय!"

पंगतीच्या शेवटाला सखाराम बसलेला. मी वरणाची बादली घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. "बोल आता! ऐकू आलं का न्हाई?"

"काय?"

"भोंगा! काल सांजच्याला!" त्याच्या कानापाशी एवढ्या जोरात ओरडलो की निम्मं वरण माझ्याच पायावर!

"भोंगा बोल्ला व्हता? मला न्हाई आला आवाज. समदे इकडं येऊन राहिले, म्हणून म्याबी आलो."

पंगत खदखदा हसली. कावेरी म्हणे, "काका, सखाराम आजोबाला कवाचंच ऐकू येत न्हाई, अंदाजानंच व्हय-न्हाई करतात. साऱ्या गावाला म्हाईत हाय. तुमी तर रोज त्यायच्याजवळ बसता!"

म्हणजे सारं गाव जेवून गेलं, आन् शर्त मीच हरलो! भोंगा काही मी उतरवला न्हाई. (पंचानं शर्तच ऐकली न्हाई, तर ती लागू कशी होईल?) पंगत उठली, चपला गेल्या, अंगण झाडून झालं. सांजच्याला सखाराम येऊन ओट्यावर बसला. अख्ख्या गावात माझं बोलणं रोज बसून ऐकणारा एकच माणूस, आन् तोच बहिरा! तरी मी त्याला सारी हकिकत पहिल्यापासून सांगितली. जरा मोठ्यानं.