करंगळीवाचून व्हायोलिन

साखरशेतच्या पुष्पलताच्या डाव्या हाताची करंगळी गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली, आईबरोबर भात कापत होती. विळा घसरला आणि मुठीतल्या धाटांबरोबर करंगळीची दोन पेरंही कापली गेली. जव्हारच्या दवाखान्यात टाके पडत असताना ती आईला, कमूला, एवढंच म्हणाली, "मास्तरांना मीच सांगेन. दुसऱ्या कुणी सांगायचं नाही."

मास्तर म्हणजे वसईचे पास्कल मास्तर. चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. पुष्पलताचे आईबाप दरसाल भात घरात आलं की त्यांच्या शेजारच्या वाडीत कामाला जात. आठ वर्षांची पुष्पलता मास्तरांच्या ओट्याखाली उभी राहून ऐकायची. एक दिवस मास्तरांनी तिच्या हातात लहान व्हायोलिन दिलं. पुढे वसईतच तिच्या शाळेची आणि राहण्याची सोय केली.

मास्तरांनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "गळा चांगला आहे तुझा. आता गाणं शीक."

"मला गाणं नाही शिकायचं."

"पुष्पा, तारांवर चार बोटं लागतात. तिनांत नाही भागत."

"कुणी करून बघितलंय का, मास्तर?"

पुष्पलताने करून बघितलं. करंगळीच्या जागी अनामिका ताणायची, नाहीतर अख्खा हात तारेवर वर सरकवायचा. सरकताना सूर घसरे. मग पुन्हा पहिल्यापासून. छापील पानांवरचे बोटांचे आकडे खोडून तिने आपले आकडे लिहिले. हात बसायला चार वर्षं गेली. पोटासाठी ती लग्नांत वाजवी. लोक वाजवणं ऐकायचं सोडून हाताकडे बघत, तर तीही त्यांच्याकडे बघे, त्यांनी नजर वळवेपर्यंत.

सव्विसाव्या वर्षी तिने मुंबईतल्या एका ऑर्केस्ट्राची परीक्षा दिली. तिथे पडद्याआड वाजवायचं असतं. परीक्षकांना माणूस दिसत नाही. तिची निवड झाली. पडदा सरकल्यावर मुख्य परीक्षक तिच्या हाताकडे बघतच राहिले.

"त्या जलद जागा करंगळीशिवाय कशा वाजवल्या?"

"तुम्ही ऐकल्यात तशाच."

सात वर्षं ती दुसऱ्या व्हायोलिनांच्या गटात तिसऱ्या खुर्चीवर बसली. गेल्या वर्षी टीव्हीसाठी चित्रीकरण ठरलं, आणि व्यवस्थापक तिच्याजवळ आले. "मॅडम, आजच्यापुरतं शेवटच्या रांगेत बसा. कॅमेरा हातांवर येणार आहे. बरं दिसत नाही."

पुष्पलता उठली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही खुर्ची मला वाजवून मिळालीय. पडदा लावा आणि सगळ्यांची पुन्हा परीक्षा घ्या. कमी पडले तर जाईन मागे."

शेजारच्या खुर्चीवर वामनराव होते, तीस वर्षं वाजवणारे. त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. "घ्या. माझ्यापासून सुरू करा."

व्यवस्थापकांनी घड्याळ बघितलं आणि निघून गेले. चित्रीकरण झालं. कॅमेरा दोनदा तिच्या डाव्या हातावर येऊन थांबला. तिने हात चोरला नाही.

साखरशेतला कमूने ते शेजारच्या पोशीच्या फोनवर पाहिलं आणि लगेच लेकीला फोन लावला.

"तुझा हात दिसला गं."

"कसा दिसला?"

"कामात होता," कमू म्हणाली.