दुसऱ्या नळाची बिअर

आमची आत्या जन्माची भित्री. घरात तिला सगळे भागूबाईच म्हणायचे आणि ती त्यावर कधी चिडली नाही. फोन वाजला तरी कोणीतरी गेल्याची बातमी असणार असा तिचा चेहरा व्हायचा. पण तिची सगळ्यात मोठी भीती म्हणजे तोंडात जाणारी वस्तू. ती लहान असताना माझे बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, खेळून धापा टाकत घरात आले. "पाणी दे," म्हणाले. तिने ओट्याखालची बाटली उचलून दिली. बाटलीत रॉकेल होतं. बाबा वाचले, पण फरशीवर तडफडणारा भाऊ तिने पाहिला तो पाहिलाच. तिला कोणी बोल लावला नाही. मात्र त्या दिवसापासून पाण्याचा पेलासुद्धा आधी नाकाशी नेल्याशिवाय तिने तोंडाला लावला नाही.

या भीतीपायी आम्हाला किती वेळा मान खाली घालावी लागली त्याला गणती नाही. एका लग्नात तिने अख्ख्या पंगतीला हातातलं सरबत खाली ठेवायला लावलं होतं. "याला वास येतोय," म्हणाली. सरबत निर्धोक निघालं. नवरीचे मामा पुढे कितीतरी वर्षं तिला बघितलं की स्वतःच्या हाताचा वास घेऊन दाखवायचे.

पण याच नाकाने तिला पोटाला लावलं. एका मोठ्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती बाटल्या तपासायला लागली आणि वर्षभरात तिला चव घेणाऱ्यांच्या टेबलावर बसवलं. बिअर पिण्याचा पगार मिळतो म्हणून नातेवाईक हसायचे. त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. वाइन तोंडात घोळवून थुंकली तरी चालते. बिअरचा कडवटपणा मात्र घोट घशाखाली उतरल्याशिवाय कळत नाही. म्हणजे जिला गिळायचीच भीती, तिला रोज अनोळखी घोट गिळायचे होते. मी एकदा विचारलं, "आत्या, मग तू हे काम का करतेस?"

"मी नाही गिळलं तर दुसरं कोणीतरी गिळणार," ती म्हणाली. "तो तर वासही घेणार नाही."

ती निवृत्त झाली त्याच सुमारास माझ्या दादाने त्याच्या एका मित्राबरोबर छोटा पब काढला. जुन्या छापखान्याची जागा होती. मागच्या खोलीत स्टीलच्या चार टाक्या, मधे काच आणि पुढे बसायची जागा. बिअर बनवायचं काम भागीदाराचं, माणसं सांभाळायचं दादाचं. त्यांनी पहिली बिअर कुठली करावी, तर हलकी लागर, म्हणजे फिकट रंगाची सौम्य बिअर. आत्याने कपाळाला हात लावला. "अरे, काळी कर, कडू कर. मसालेदार भाजीत जास्तीचं मीठ खपून जातं. हलकी लागर म्हणजे पांढरा सदरा आहे. एक डाग पडला की गावभर दिसतो."

दादाने ऐकलं नाही. लागर थंडीत आठवडेच्या आठवडे मुरली आणि एका रविवारी दुपारी, पब उघडायच्या आधी, त्याने जागेवर राबलेल्या माणसांना बोलावलं. सुतार, रंगारी, नळ जोडणारा, वायरमन, त्यांच्या घरची माणसं. आणि निवाडा करायला आत्या. भिंतीजवळच्या टेबलाशी ती बसली, शेजारी मी. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू परीक्षेचा निकाल तिचाच लागणार होता.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"चांगली नसली तर मला तसं सांगावं लागेल. त्याने घर गहाण टाकलंय."

दादाने पहिल्या नळातून एक ग्लास भरून आणला आणि शेजारी उभा राहिला. तिने त्याला लांब पाठवलं. ग्लास उजेडाकडे धरला. फिकट, वाळलेल्या गवतासारखा रंग, पलीकडच्या खिडकीचे गज स्पष्ट दिसावेत इतकी नितळ. वर बोटभर पांढरा फेस, आणि तो जागचा हलेना. ग्लास हलकेच फिरवून तिने वास घेतला, थांबली, परत घेतला. मग डोळे मिटून एक घोट घेतला. तो गिळताना तिच्या गळ्याची शीर ताठ झाली. मी ते लहानपणापासून बघत आले होते.

"पावाच्या कडेसारखी चव आहे," ती हळूच म्हणाली. "मागून थोडा कडवटपणा येतो आणि लगेच निघून जातो. लागर बिघडली की उकडलेल्या मक्याचा वास येतो, त्याची मला धास्ती होती. येतो, पण इतका पुसट की माझ्यासारख्या संशयी बाईलाच यावा." तिने आणखी एक घोट घेतला. "पोराने चांगली केलीय गं."

दादाला खूण केली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. तो काउंटरमागे धावला आणि सगळ्यांसाठी ग्लास भरायला लागला. एका नळाने वेळ लागेल म्हणून त्याने दुसरा नळही उघडला. पहिलं फेसाळ पाणी बादलीत सोडलं, मग ग्लास भरले. सगळ्यांनी एकदमच प्यायचं ठरलं होतं, म्हणून माणसं ग्लास हातात धरून उभी राहिली. दादाने दुसऱ्या नळाचा एक ग्लास आत्यापुढेही ठेवला. "हाही बघ, आत्या. सारखाच असेल, पण बघ."

आत्याने तो उचलला आणि तोंडाशी न नेता पहिल्या ग्लासाशेजारी ठेवला. मला काही वेगळं दिसलं नाही. तिने माझा हात धरला.

"फेस बघ," ती म्हणाली.

पहिल्या ग्लासात अजून फेस होता. दुसऱ्यात चार बुडबुडे कडेला चिकटून होते, बस. आणि रंग किंचित गडद, चहाचे दोन थेंब पडल्यासारखा. तिने वास घेतला. मग करंगळी बुडवून अंगठ्यावर चोळली, आणि तिचा चेहरा उतरला.

"तू बघ. तोंडात घालू नकोस."

मी बोट बुडवलं. साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत लागलं.

"हा कॉस्टिक सोडा आहे. नळ्या धुवायचा," ती पुटपुटली. "की मला वाटतंय? तुला काय वाटतं? मला आपलं उगाच..."

तिच्या डोळ्यांत ते सरबत मला दिसत होतं. समोर भाच्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस, खोलीभर पाहुणे, आणि ही भागूबाई. ती उठली. ओरडायला तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नुसती हवा आली.

वायरमन खोलीच्या त्या टोकाला होता. सकाळपासून शिडीवर चढून दिवे जोडत होता, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. हलकी लागर तहानेला पितात, चाखत नाहीत. सगळ्यांची वाट बघणं त्याला जमलं नाही. त्याने ग्लास वर केला.

आत्या धावली. मी तिला जन्मात धावताना पाहिलं नव्हतं. एक खुर्ची आडवी झाली, रंगाऱ्याच्या बायकोला धक्का लागला. तिने वायरमनच्या ग्लासावर आपला पंजा दाबला आणि ग्लास खाली खेचला. पण एक घोट आत गेला होता.

"थुंका. राहिलं असेल ते थुंका, भाऊ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग वळून, "ग्लास खाली ठेवा. कोणी ओठ लावू नका."

दोघातिघांना हसू आलं. दादा लाल झाला. "आत्या, आज नको ना."

तेवढ्यात वायरमनने गळा धरला. त्याचे ओठ पांढरे पडत गेले, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता ते कळेना. ग्लास एकेक करून टेबलांवर ठेवल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

मग गोंधळ उडाला. सुतार म्हणाला, "मिठाचं पाणी पाजा, उलटी होऊ दे." कोणीतरी मिठाची बरणी घेऊन आलंसुद्धा. आत्या आडवी आली. ती बाजूला होईना.

"उलटी नाही काढायची. जाताना जाळलंय, येताना परत जाळेल. नुसत्या पाण्याने चूळ भरू द्या. आणि गाडी काढा आधी."

मागच्या खोलीतून भागीदार आला. टेबलं बघितली आणि तो मटकन खालीच बसला. सकाळी त्याने दोन्ही नळ्यांत कॉस्टिकचं पाणी भरलं होतं. पहिली नळी धुऊन झाली आणि दारात खुर्च्यांचा टेम्पो आला. तो उतरवून घ्यायला गेला तो दुसरी विसरला. दादाला वाटलं, दोन्ही झाल्या. कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

गाडीत मागच्या सीटवर मधे वायरमन, एका बाजूला त्याची बायको, दुसऱ्या बाजूला आत्या. मी पुढे, दादा चालवत होता. बायको एकच विचारत होती, "यांना काय होईल?" वायरमनच्या तोंडाशी रुमाल धरून आत्या त्याचा श्वास ऐकत होती, कान अगदी जवळ नेऊन. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला तेव्हा ती दादाला म्हणाली, "जोरात चालव." एरवी रिक्षासुद्धा तिला वेगाची वाटायची.

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही बसून राहिलो. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "मी विचार करत बसले गं. बोट चोळलं, तुला चोळायला लावलं. तेवढ्यात..."

"तुला खात्री नव्हती."

"खात्री होती. भीती लोक हसतील याची होती."

नळी घालून घसा तपासणारी डॉक्टरीणबाई बाहेर आली. तोंड आणि घसा भाजला होता, अन्ननलिका वरच्या भागात सोलवटली होती, पण भोक पडलं नव्हतं. एकच घोट, तोही पातळ झालेला, म्हणून निभावलं, ती म्हणाली. उलटी काढली नाही ना, हे विचारून घेतलं आणि मान हलवून आत गेली. वायरमनच्या बायकोने आत्याचे हात धरले आणि ती रडायला लागली. आत्याला ते सोसेना. ती उठून व्हरांड्यात गेली आणि कठड्याला धरून तिथेच ओकली.

वायरमन कितीतरी दिवस गार दूध आणि पेजेवर होता. आवाज खरखरीत झाला तो तसाच राहिला. दादाने पब बंद करायचं ठरवलं, जाहीरही केलं. त्याला परत फिरवलं ते वायरमननेच. पाहुणचाराला नव्हे, भांडायला आला होता. "मी जोडलेले दिवे कोण बघणार मग?" असं काहीतरी त्या फाटक्या आवाजात म्हणाला. पुढे नळ्या धुणं आणि नळ जोडणं ही कामं दोन वेगळ्या माणसांकडे गेली आणि मधे तिसऱ्याने नळीतून येणारं पाणी तपासल्याशिवाय ग्लास भरायचा नाही असं ठरलं.

आत्याची भीती मात्र कमी झाली नाही. शूर झाली, असं सांगायला मला आवडलं असतं. उलट तिला महिनोन्महिने झोप लागेना, आणि बिअरचं नाव काढलं की तिच्या तोंडाला कोरड पडायची. दादाने नवी लागर केली तेव्हा विचारायची हिंमत आम्हा कोणाला झाली नाही. ती स्वतःच आली, छत्री आणि पर्स घेऊन. त्या दिवशी पबात आम्ही घरचेच होतो, आणि न बोलावता आलेला वायरमन.

त्याने एक ग्लास मागितला. तो स्वतःपुढे ठेवला आणि बघत बसला. घाम फुटला होता त्याला. शेवटी ग्लास आत्याकडे सरकवून म्हणाला, "ताई, आधी तुम्ही."

आत्याने रंग बघितला, फेस बघितला, वास घेतला. तिने घोट घेतला आणि गिळला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत होतो.

"मक्याचा वास मागच्यापेक्षा जास्त आहे," ती म्हणाली. "अजून आठवडाभर मुरायला हवी होती."

"पण चालेल?" वायरमनने विचारलं.

"चालेल."

त्याने तिचाच ग्लास उचलला, डोळे मिटले, आणि अगदी छोटा घोट घेतला.