भुऱ्याचा उपास

जेवणं आटोपली आहेत. ओटीवर सतरंजी टाकून मी आडवी झाले आहे. भुऱ्या माझ्या कुशीला लागून पडला आहे, त्याचा दूधभात वाटीत तसाच. हा कुत्रा बनूवन्संचा, माझ्या थोरल्या नणंदेचा. त्या गेल्या आणि त्यानं अन्न सोडलं. भेटायला येणारे त्याला बघून डोळे पुसतात. "माणसांपेक्षा मुका जीव बरा," म्हणतात. मलाही ते ऐकून बरं वाटतं. पापण्या जड होतात.

"पाय आवर की. वाटेत पसरलीयस."

उंबऱ्यात बनूवन्सं. शाळेत नेसायची निळ्या काठाची साडी, केस ओले.

"वन्सं, तुम्ही तर..."

"गेले. ठाऊक आहे मला. ऊठ."

मी उठते ती त्यांच्या शाळेच्या पटांगणात. पोरं रांगेत उभी आहेत, नखं दाखवायला हात पुढं केलेले. एकालाही चेहरा नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. रांगेच्या शेवटी भुऱ्या. त्यानंही पंजा पुढं केला आहे. वन्सं त्याच्यापाशी थांबतात.

"हा का वाळलाय?"

"तुमच्यासाठी झुरतोय. घासाला शिवत नाही."

"माझ्यासाठी?" त्यांचं ते जुनं, नाकातलं हसू. "मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा माझ्या ताटातली भाकरी पळवायचा हा. हा कुणासाठी उपास करतोय!"

"सगळेच म्हणतात..."

"सगळ्यांना रडायला निमित्त हवं असतं. तुलासुद्धा."

शाळेची घंटा होते आणि नदीचा घाट येतो. पाणी नाही, नुसती वाळू. दहाव्याचे पिंड मांडलेले आहेत, कावळा लांब बसून आहे. मी हात जोडून त्या दिवशीचंच पुन्हा म्हणते, "भुऱ्याला आम्ही सांभाळू वन्सं, जीव अडकवू नका." कावळा येतो आणि पिंडाला शिवतो.

"बघा, शिवला. तुमचं मन निवलं म्हणूनच ना?"

"त्याला भूक लागली होती, शालन." मग त्यांचा आवाज खाली येतो. "सांभाळू म्हणालीस. वाटी पुढं सरकवलीस, झालं? त्याचं तोंड उघडून बघितलंस? कानात बोट घातलंस?"

मी पायानं वाळू उकरते.

"मी रोज बघायचे. आंघोळ घालतो ना आपण लेकराला, तसं."

घाटाच्या शेवटच्या पायरीवर जनावरांच्या दवाखान्यातलं लोखंडी टेबल आहे. भुऱ्या त्यावर कुशीवर पडला आहे, पोट वरखाली होतंय. वन्सं माझं मनगट धरतात. त्यांचा हात गार आहे, त्याला ओली राख लागली आहे. त्या माझी बोटं भुऱ्याच्या कानामागं नेतात.

"इथं. अजून आत. चाचप."

"वाचेल ना, वन्सं?"

मी मान वर करते तर टेबलापाशी कुणी नाही. मनगटावरची पकड मात्र सुटत नाही.

जाग येते. उन्हं ओटीवर आली आहेत. माझा हात भुऱ्याच्या कानाच्या घडीत आहे आणि चिमटीत गोचीड, एरंडीच्या बीएवढा टपोरा, पाय हलवणारा. केस बाजूला करते तर खाली त्यांचा पुंजका. मी भुऱ्याचा ओठ वर उचलते. हिरड्या धुतलेल्या फडक्यासारख्या पांढऱ्या. बोटानं दाबून सोडते. रंग परतत नाही. परतायला तो उरलेलाच नाही.

"काय झालं, आई?" सून आतून विचारते.

"रिक्षा बोलाव."

"आत्ता? कुणासाठी?"

"भुऱ्यासाठी. तो झुरत नव्हता गं. आजारी होता."

भुऱ्या मान उचलत नाही. माझ्या चिमटीत गोचीड फुटला आहे, आणि त्याचं रक्त माझ्या तळहातावर वाळत चाललं आहे.