चिमणाबाईनं रंगवलेला वर्ग

चिमणाबाईची नोकरी शाळेत आणि बिऱ्हाडही शाळेतच. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. सासर मलकापूरकडचं, पण तिकडून कधी कुणी चौकशीलाही फिरकलं नाही. कोल्हापुरातल्या त्या शंभर वर्षांच्या दगडी शाळेत जिन्याखालची खोली, हाच तिचा संसार. तोंडानं महाफटकळ. तिनं व्हरांडा पुसला की हेडमास्तरसुद्धा चपला हातात घेऊन चालायचे!

२००२ साली पट अकरावर आला आणि शाळा बंद झाली. इमारत पाडायची नाही, जुनी आहे तशी राखून तिथं चित्रांचं दालन करायचं ठरलं. चांगलंच झालं म्हणा. पण चिमणाबाईचं काय, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. तिला एकच धास्ती: खोली गेली तर जायचं कुठं?

कामावर शिवानी नावाची इंजिनिअर होती. तिनं गवंडी लावून तिसरीच्या वर्गातले चुन्याचे थर महिनाभर खरवडले, तेव्हा कुठं आतला काळा दगड दिसला. चिमणाबाईला ते बघवेना. दर मे महिन्यात भिंतींना चुना द्यायचं काम तिचं. अठ्ठावीस वर्षांत एकदा चुकलं नव्हतं. तिला वाटलं, आपण काम करून दाखवलं तर ठेवून घेतील. रविवारी गवंड्यांना सुट्टी. तिनं चुना भिजवला, डिंक घातला, नीळ कालवली आणि एकटीनं अख्खा वर्ग पांढराशुभ्र करून टाकला. आता बोला!

सोमवारी शिवानी दारातच मटकन बसली.

"मावशी, हे काय केलंत?"

"उघड्याबोडक्या भिंतीनं उद्घाटन करणार व्हय? पावणं काय म्हणतील?"

"अहो, तो दगडच तर दाखवायचा होता की!"

चिमणाबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

"मला घालवू नगा," ती म्हणाली. "अठ्ठावीस वरसं हितं ऱ्हायलो मी."

मग आठ दिवस ती आपला चुना आपल्याच हातानं खरवडत बसली. ते बघून शिवानीनं वरच्यांशी भांडण काढलं. खोली राहिली, दालनाचं दार उघडायची नोकरीही मिळाली. चिमणाबाईनं देवापुढं साखर ठेवली.

जूनमध्ये दालन उघडलं. दोन दिवस हारतुरे झाले, फोटो झाले, मग सगळं सामसूम. माणसं एकेकटी यायची, कुजबुजायची, जायची. कुणी पडत नाही, कुणी डबा सांडत नाही, कुणाचं नाक पुसायचं नाही. झाडायला जावं तर कचराच नाही. दिवस तिला खायला उठायचा.

एका सकाळी तिनं दार उघडलं आणि सवयीनं खेकसली, "ए, रांगेत या रं!"

पायरीवर एक म्हातारं जोडपं होतं, बाकी कुणी नाही. म्हातारा मुकाट्यानं बायकोच्या मागं जाऊन उभा राहिला. चिमणाबाई हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.