नायकाला राज्यात प्रवेश नाही

आमच्या साडूभाऊंनी उभं केलं तितकं गैरसोयीचं राज्य खुद्द ब्रह्मदेवालाही जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. ब्रह्मदेवाने निदान आधी सृष्टी केली आणि अडचणी मागाहून येऊ दिल्या. साडूभाऊंनी अकरा वर्षं नुसत्या अडचणीच केल्या. दिवा स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून हा गृहस्थ एक अद्भुत कादंबरी लिहितो आहे, आणि तिचं पहिलं वाक्य अजून व्हायचं आहे. कारण राज्यात पाणी नाही. "शेवटच्या घरी पाणी पोचत नाही तोवर नायकाला कुठल्या तोंडाने बोलावू?" असं ते विचारतात, जणू नायक म्हणजे जावईच.

राज्य सात पायऱ्यांचं. सगळ्यात वरच्या पायरीवरच्या लोकांना तहानच लागत नाही, म्हणून ती आपल्या वतीने लागावी यासाठी ते खालून माणसं नोकरीला ठेवतात. तहान बापाकडून मुलाकडे जाते आणि तिची सातबाऱ्यावर नोंद होते. लग्न ठरवताना पत्रिका न बघता नळाचा व्यास बघतात. अर्ध्या इंचाच्या मुलीने पाऊण इंचाच्या मुलावर प्रेम केलं, तर दोघांना वाळीत टाकतात. हे सगळं साडूभाऊ इतक्या गंभीरपणे सांगतात की घरी आल्यावर मी स्वतःचा नळ निरखून पाहिला होता. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांना कोपऱ्यात घेऊन "तुमच्याकडे किती इंची येतं?" असं विचारलं. व्याही बिचारे इतके गोंधळले की त्यांनी नवीन टाकी बसवायचं कबूल केलं. माझी मेव्हणी या राज्यावर फक्त एकदाच बोलली. येताना तिथून दोन हंडे भरून आणा, म्हणाली.

पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे. मी डोंबिवलीत एका आर्किटेक्टकडे नकाशे काढतो. साडूभाऊंच्या आग्रहाखातर मी त्यांच्या राज्याची पाण्याची लाइन काढून दिली, अगदी व्हॉल्व्हसकट. राज्याचं नाव ठरलेलं नव्हतं, म्हणून वर नुसतं 'राज्य जलविभाग' लिहिलं. शेवटच्या घरापर्यंत तुटक रेघ मारून 'प्रस्तावित, मंगळवार, सकाळी सात' असंही लिहिलं, कारण कथेतला राजा त्या मुहूर्तावर निर्णय घेणार होता. जाता-येता चुका दिसाव्यात म्हणून साडूभाऊंनी तो नकाशा खाली सोसायटीच्या फळ्यावर लावला.

मंगळवारी साताला इमारतीमागच्या चाळीतली झाडून सगळी माणसं पिंपं, कळश्या, बादल्या घेऊन रांगेत उभी. सेक्रेटरींनी तर नारळही आणला होता. मला फोन आला, मी धावत गेलो. साडूभाऊ लेंग्यावरच खाली आले होते. मला वाटलं, हा माणूस आता मागच्या दाराने पळणार. पण त्यांनी हात जोडले आणि हे आपल्या कादंबरीतलं पाणी आहे, असं सगळ्यांना खरं ते सांगून टाकलं. दोघेतिघे चिडले, एकाने नकाशा फाडायला हात घातला. तेवढ्यात रांगेच्या टोकाला उभी असलेली, चाळीतल्या शेवटच्या खोलीतली आगरी म्हातारी पुढे आली. त्या गोष्टीत तरी शेवटच्या घरी पाणी येतं का, एवढंच तिने विचारलं.

साडूभाऊंना खोटं बोलता येत नाही. "नाही आजी. तिथेही अजून पोचलेलं नाही."

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं. "तुजेच हातान हाय ना ता? मंग सोर की पानी."

रांग मोडली, नारळ सेक्रेटरींनी घरी नेला. मला त्या दिवशी माझ्या सुबक तुटक रेघेची लाज वाटली.

त्यानंतर कादंबरी लवकर सुरू होईल असं मी धरून चाललो होतो. पण आता दर मंगळवारी, सोसायटीच्या नळाला तासभर पाणी येतं तेव्हा, साडूभाऊ दोन हंडे भरतात आणि मागच्या चाळीत शेवटच्या खोलीपर्यंत नेऊन देतात. मेव्हणी तिसरा हंडा घेऊन मागून जाते. साठीच्या माणसाने एवढं ओझं उचलू नये, असं मी दोनदा सांगून बघितलं. कादंबरी कुठवर आली म्हणून परवा विचारलं, तर हंडा खाली न ठेवताच ते म्हणाले, "शेवटच्या घराचं काम चालू आहे."