मी बघितलं, असं मी सांगितलं

पुण्याला दवाखान्यात नर्सच्या पहिल्या नोकरीवर निघाले तेव्हा आईला हिंगोलीच्या स्टँडपर्यंत यायचं होतं. मी म्हटलं, उन्हात कशाला तकलीफ घेतेस? खरं कारण वेगळं होतं. हिंगोलीची एक मुलगी त्याच दवाखान्यात लागली होती आणि त्याच गाडीनं येणार होती. आईचा आरशांचा घागरा आणि दंडापर्यंतच्या बांगड्या तिनं पाहू नयेत, असं मला वाटत होतं. तेव्हा पुण्यानं मला बिघडवलं असं म्हणायला मला तोंड नाही. लाज मी साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावरूनच बरोबर नेली होती.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता आणि पुण्यात ते कुणाच्या गावीही नव्हतं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं, त्यामुळे हॉस्टेलवर कुणी खोदून विचारलं नाही. मी 'काहून' म्हटलं की पोरी हसायच्या, तेवढंच. एकदा समोरच्या बांधकामावर लमाणी बायका घमेली वाहत होत्या. त्यांच्याकडे बघून एकजण म्हणाली, "खिडकीत टॉवेल वाळत घालू नका गं, या उचलून नेतील." सगळ्या हसल्या, मीही हसले. जातीच्या ज्या दाखल्यावर मला नर्सिंगला जागा मिळाली होती, तो माझ्या पेटीत साड्यांच्या खाली होता.

दोन-तीन महिन्यांनी आमच्या बायकांच्या वॉर्डात आईच्या वयाची एक बाई आली. कर्नाटकातल्या कुठल्याशा तांड्यावरची, नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर आलेली. गर्भपिशवी काढायची होती. मराठी तिला जेमतेम येत होतं. तिची आणि माझी बोली मात्र एकच, लमाणांची गोरमाटी. मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की आपल्याला यातलं काही कळत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मोठ्या सिस्टरनी तिला विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?" घाबरलेलं माणूस आपल्याच भाषेत बोलतं. ती भराभरा गोरमाटीत सांगायला लागली, की पहाटे चक्कर आली म्हणून बाहेर जाऊन अर्धी भाकरी खाल्ली, चालेल ना?

"काय म्हणते ही?" सिस्टरनी आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं.

"लमाणी बोलतीय. देवाला हाका मारत असंल," झाडणारी मावशी म्हणाली.

सिस्टरनी कागदावर पोट रिकामं असल्याची खूण केली आणि मला म्हणाल्या, ने हिला.

पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाऊन माणूस दगावू शकतं. हे नर्सिंगच्या पोरीला पहिल्या वर्षीच पाठ असतं. तरी मी स्ट्रेचर ढकलत निघाले. सिस्टर पुढे चालत होत्या. बाईनं माझी बाही धरली आणि भाकरीचं पुन्हा सांगितलं. मी भिंतीकडे बघितलं. तेवढ्या वेळात माझ्या मनात तिचा जीव नव्हता, मला कळलं हे सांगायचं कसं, एवढंच होतं.

थिएटरच्या दाराशी मी म्हटलं, "सिस्टर, हिनं पहाटे भाकरी खाल्लीय. मी बघितलं."

"मग इतका वेळ मूग गिळून का बसलीस?" सिस्टर माझ्यावर ओरडल्या आणि मग तिच्याकडे वळल्या. "चोरून खातेस? जीव गेला असता म्हणजे? या लोकांना सवयच असते."

चोरी हा शब्द तिला कळला. तिनं काही चोरलं नव्हतं, लपवलंही नव्हतं. विचारल्याबरोबर तिनं खरं ते सांगितलं होतं, तेही दोनदा. चोर तिला मी केलं होतं. पहाटे तिला कुणी पाहिलं नव्हतं, हे तिला चांगलं माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिची बोली मला कळते हे तिला उमगलं, ते मला दिसलं.

ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. आता ही सगळ्यांसमोर मला विचारणार, पोरी, तू कुठल्या तांड्याची, या भीतीनं मी दिवसभर तिच्या खाटेकडे फिरकले नाही. पण संध्याकाळी ताप बघायला जावंच लागलं. भेटायची वेळ होती, तिचा नवरा जमिनीवर बसला होता. त्यानं हात जोडले आणि सरळ गोरमाटीत विचारलं, "बेटी, आता ऑपरेशन कधी?"

शेजारच्या खाटेपाशी मावशी फरशी पुसत होती. बाईनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच, आमच्याच बोलीत म्हणाली, "तिला आपलं बोलणं येत नाही. मराठीत विचार."

त्यानं गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि मराठी शब्द शोधायला लागला. ती मान खाली घालून पांघरुणाची घडी करत होती. मला वाटलं असतं तर तिथंच तिचे पाय धरता आले असते, तिला याडी म्हणता आलं असतं. आई म्हणजे याडी, एवढा एकच शब्द पुरला असता.

मी थर्मामीटर झटकलं आणि मराठीत विचारलं, "बाबा, काय म्हणताय?"