दिवंगत सनईवादक

भूत बघितलं म्हणणाऱ्याला मी आधी चष्म्याचा नंबर विचारतो. आजही विचारतो. तरी हे लिहितोय... कारण हे बघितलेलं नाही, ऐकलेलं आहे. आणि मी एकट्यानेच नाही, आईनेही.

एक्याण्णवचा मे. भुसावळ, आमचं रेल्वे क्वार्टर, रणरणती दुपार. माझे काका — नाना — साक्रीहून आमच्याकडे राहायला आले होते, हार्ट अटॅकमधून नुकतेच उठलेले. एवढा उन्हाळा निघाला की काळजी नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वडील गेल्यावर नानांनीच मला वाढवलं. ते गेले तर मी दुसऱ्यांदा पोरका होणार होतो.

नाना सनई वाजवायचे. त्या दुपारी जळगाव रेडिओवर, शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात त्यांचा भीमपलास लागणार होता. आईने चहा टाकला. मी आवाज वाढवला. निवेदिकाबाई म्हणाल्या, "आता ऐकू या, दिवंगत सनईवादक..." आणि पुढे नानांचं नाव!

आईच्या हातून गाळणीच पडली. नाना मात्र पोट धरून हसले. "अरे, मी मरी गऊ आनि मालेच खबर नही!"

माझं डोकं फिरलं. तसाच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि केंद्रावर फोन लावून त्या बाईंना नको नको ते बोललो. बाई रडकुंडीला आल्या. "अहो, मी 'ज्येष्ठ' म्हणाले हो..."

बूथवाल्याचा रेडिओ चालूच होता. तो म्हणाला, "ज्येष्ठच बोलनी ती, भाऊ. मी आयकं ना."

घरी आलो तेव्हा द्रुत लय चालू होती. नाना भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, ऐकतायत. आईने दोनदा हाक मारली, "नाना, चहा..."

चहा तसाच राहिला.

नाना वारल्याचं केंद्राला मीच कळवलं. दिवाळीच्या सुमारास तीच सनई पुन्हा लागली, त्याच बाई. बूथवाल्याने संध्याकाळी सांगितलं, "आज दिवंगत बोलनी." बोलल्याही असतील. पण आमच्या खोलीत, मला आणि आईला स्पष्ट ऐकू आलं — "ज्येष्ठ सनईवादक..."

याचा उलगडा मला अजून झालेला नाही. आई तेव्हा उठली, आणि चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी घातलं. मी तिला अडवलं नाही.